अर्धा चेहरा उमरग्यापर्यंत

गेल्या महिन्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीनं मोबाईल माझ्या नाकाशी आणून धरला. "मॅडम, हे बघा की, नवीन आलंय. आधी पावडर लावायल्यात आणि तिच्यावर फाउंडेशन. सगळं उलटंच!" मी चष्मा शोधून बघितलं. कुठलीशी परदेशी पोरगी गालांवर पांढरी पावडर दाबून घेत होती आणि तिच्यावर फाउंडेशन लावून मोठा शोध लागल्यासारखी हसत होती. मी म्हटलं, "यात नवीन काय? आपण बसवकल्याणात हे आठ-नऊ वर्षं करतोय." मुलीनं डोळे मोठे केले. "म्हणजे तुम्हीच शोधून काढलं व्हय, मॅडम?" आणि मी मान डोलावली.

तेव्हापासून मला चैन नाही. तीस वर्षं नवऱ्या सजवल्या, तेव्हा धंद्यात थोडंफार खोटं बोलावंच लागलं. 'मुलीचा रंग मुळातच उजळ आहे, मी काहीच केलं नाही' हे वाक्य मी किती आयांना ऐकवलं असेल, देव जाणे. पण हे खोटं पचेना. कारण ती युक्ती माझी नाही. ती एका कंडक्टरबाईची आहे, आणि तिनं ती सांगितली तेव्हा मी तिला वेड्यात काढलं होतं. दिवाळी अंकासाठी 'तुमच्या धंद्याबद्दल काहीतरी लिहा' असं सांगणं आलं तेव्हा म्हटलं, आता हेच लिहावं.

ज्यांचा पावडर-फाउंडेशनशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी आधी धंद्याचं थोडं. फाउंडेशन म्हणजे चेहऱ्याच्या रंगाचा पातळ लेप. डाग झाकतो, सगळीकडे एक रंग आणतो. हा लेप ओला असतो, म्हणून तो बसावा यासाठी वरून पावडर मारायची. सोलापूरला मी सहा महिन्यांचा कोर्स केला तेव्हा आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आधी ओलं, मग कोरडं. उलटं केलंत तर तोंडाला पोपडे सुटतील." आम्ही ते वहीत लाल शाईनं लिहून घेतलं. त्या लाल शाईवर माझी वीस-बावीस वर्षं निघाली.

मात्र सोलापूरच्या त्या खोलीत पंखे होते. आमच्याकडची लग्नं एप्रिल-मेमध्ये, दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर, पत्र्याच्या किंवा कापडी मांडवात. नवरीला मी पार्लरमध्ये तयार करायची, मग तिला जीपमध्ये बसवून गावाकडं न्यायचे. जीपच्या काचा उघड्या. ओल्या लेपावर रस्त्याची धूळ बसायची. कमलनगरकडची एक नवरी अशी मांडवात पोचली, तर तिच्या मामानं मला फोन करून विचारलं, "मॅडम, ही तीच हाय का, का जीपवाल्यानं बदलली?" वर अक्षतांचे हळदीचे तांदूळ घामट गालांना चिकटायचे. ते काढले की तिथं तिथं ठिपके. मी नवरीच्या बहिणीकडे रुमाल आणि पावडरची डबी द्यायची आणि म्हणायची, "दर दहा मिनिटांनी टिपत राहा." लोक म्हणायचे, घाम तर येणारच. मीही तेच म्हणायची. माझ्या कामात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही.

आता महादेवीकडे येते.

महादेवी सरकारी बसवर कंडक्टर होती. वडील लवकर गेले, दोन धाकट्या बहिणींची लग्नं हिनं नोकरी करून लावली, आणि स्वतःचं जमायला तेहतिसावं वर्ष उजाडलं. मूळचं घर मंठाळचं, राहायला बसवकल्याणात, माझ्या पार्लरच्या मागच्या गल्लीत. बसवण्णांना मानणारं लिंगायत घर. सकाळी आंघोळ झाली की कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायची, चहा प्यायचा, मग खाकी घालून डेपोत. बोलणं कमी. पण गर्दीच्या गाडीत तिचा "पुढं सरका" ऐकून माणसं खरंच पुढं सरकायची. उन्हातान्हात हिंडून दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग आले होते. उजव्या गालावरचा चांगला रुपयाएवढा होता.

मुलगा कलबुर्गीकडचा होता, शिवानंद नावाचा. पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंगचं दुकान. पस्तिशीचा, शांत. साखरपुडा महादेवीच्या घरी एप्रिलमध्ये ठरला आणि मेकअपला मला बोलावलं.

तिथं मी जी चूक केली, ती आमच्या भागातल्या माणसानं करायला नको होती. मी मराठ्याघरची, आमच्याकडे कुंकू म्हणजे जीव. विभूती मी रोज लोकांच्या कपाळावर बघत होते, पण तिची किंमत मला कळलेली नव्हती. महादेवी आंघोळ करून, विभूती लावून माझ्यासमोर बसली आणि मी कापसावर टोनर, म्हणजे चेहरा साफ करायचं पाणी, घेऊन तिचं कपाळ सर्रकन पुसून टाकलं. लेपाला स्वच्छ कातडी लागते ना! तिची आई दारातून "अगं..." म्हणाली. महादेवीनं डोळे मिटले, एवढंच. मग म्हणाली, "असू दे अक्का. झाल्यावर परत लावा तेवढं."

मी लेप दिला, पावडर मारली, आणि वरून पाण्यात कालवून विभूती ओढली. पाहुणे येईपर्यंत छान दिसत होती. घरात पन्नास माणसं, लाईट गेलेली. ओटी भरायला सुरुवात झाली तेव्हा कपाळावरची विभूती पांढऱ्या ओघळांनी भुवयांत उतरली होती आणि गाल चिखलासारखे झाले होते. शिवानंदची आत्या, नागम्मा म्हणून, घरातली कर्ती बाई, ओटी भरत होती. तिनं मायेनंच पदराचं टोक घेतलं आणि "किती घाम आलाय लेकराला" म्हणत महादेवीचा उजवा गाल पुसला. पदर तांबूस झाला आणि खालून डाग वर आला.

आत्यानं एकदा पदराकडे बघितलं, एकदा गालाकडे. "बाई बाई, हे तर आतून काळं हाय. लपवून दाखवलाव व्हय आमाला?"

पाहुणे जेवले, पण 'कळवतो' म्हणून गेले. महादेवीची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या रंगानं घात केला, शोभा." सामानाची पेटी उचलून घरी आले आणि दोन दिवस पार्लर उघडलं नाही.

पुढचं मला नंतर कळलं. महादेवीनं रडारड केली नाही. तिनं स्वतः शिवानंदला फोन लावला. म्हणाली, "गुरुवारी एकच्या उमरगा गाडीवर माझी ड्युटी हाय. येऊन बसा. मी रोज कशी दिसते ते बघा, मग काय ते कळवा." तो आला. तिकीट काढलं, मागच्या सीटवर बसला. उमरग्याला उतरला नाही, त्याच गाडीनं परत आला. स्टँडवर उतरताना म्हणाला, "तारीख काढायला सांगा घरी." बस्स, इतकंच बोलणं. शिवानंद पसंत पडायला मला दुसरं काही लागलं नाही.

पण आत्याचं मन निवलं नव्हतं. तिनं निरोप धाडला, "पोरानं हो म्हटलंय, तर हो. पण लग्नाला सगळी भावकी येणार. तिथं असं तोंड उतरलं तर आमी मान कुठं घालावी?"

लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात, मंठाळला, देवळासमोरच्या मांडवात ठरलं. लग्नाला बारा दिवस राहिले असताना, ड्युटी संपवून खाकीतच महादेवी माझ्या पार्लरच्या पायऱ्या चढून आली. मला वाटलं, भांडायला आली. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "लग्नाचा मेकअप तुमीच करायचा."

मी म्हटलं, "अगं, कशाला परत? त्यांनी डाग बघितलाय, पोरगा हो म्हणालाय. आता लपवायचंय कुणापासून?"

"लपवायला न्हाई, अक्का." ती आरशात बघत म्हणाली. "बहिणींची दोन लग्नं केली. दोन्हींना तुमच्याकडंच आणलं. त्या खुर्चीत बसायच्या, मी इथं बाकावर बसायची, त्यांच्या चपला सांभाळत. आता माझं हाय. मलाबी नटू वाटतंय. पण मांडवात परत कुणाच्या पदराला माझं तोंड लागलेलं नको. तेवढं करा."

तेहतीस वर्षांच्या बाईनं इतकं सरळ सांगितलं, 'मलाबी नटू वाटतंय.' मी म्हटलं, "करीन. पण कसं करू तेच कळंना झालंय मला. दुसऱ्या कुणाकडं का नाही जात?"

"दुसरीचं काय चुकतंय ते मला म्हाईत न्हाई. तुमचं म्हाईत हाय."

आणि मग तिनं ते सांगितलं. ती रोज सकाळी विभूती लावायची आणि ड्युटीला निघताना तोंडाला रंगाची साधी क्रीम चोळायची, ट्यूबमधली. दुपारपर्यंत गालांवरची क्रीम घामानं वाहून जायची. पण कपाळावरची राहायची. ड्रायव्हरच्या आरशात तिला दर फेरीला ते दिसायचं. "गालावरचं जायलंय आणि कपाळावरचं ऱ्हायलंय, कामून? घाम तर कपाळालाच जास्त येतो. मग कळलं, कपाळाला खाली इभूत हाय. घाम ती पिते, वरच्या क्रीमला हलू देत न्हाई. तुमी पावडर वरून मारता. खालून मारून बघा की."

मी हसले. खरंच हसले, आज लाज वाटते. म्हटलं, "महादेवी, तू तिकीट फाड, मेकअप मला करू दे. आधी ओलं, मग कोरडं, हा नियम आहे. उलटं केलं तर पोपडे सुटतात."

ती रागावली नाही. "नियम कुणी केला? ज्यानं केला त्यानं मे महिन्यात मंठाळात लग्न लावलंय का कुणाचं?"

मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू कशाला, उद्याच बघा. निम्मं तोंड तुमच्या नियमानं, निम्मं माझ्या. एकच्या गाडीला मी जाते, तुमी बी चला.

तर असा तो प्रयोग. दुसऱ्या दिवशी साडेअकराला तिची उजवी बाजू मी माझ्या पद्धतीनं केली आणि डावीला आधी पावडर, वर लेप. विभूतीला या वेळी हात लावला नाही. ती खाकी घालून, तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवून गाडीत चढली आणि मी दारामागच्या सीटवर, तोंडावर पदर घेऊन. कुणी ओळखीचं भेटू नये हीच प्रार्थना.

भेटायचे ते भेटलेच. बाजार करून परतणाऱ्या एका बाईनं महादेवीला दोन्ही बाजूंनी निरखलं आणि विचारलं, "कंडक्टरबाई, आज एकाच अंगानं नटलाव?" पुढच्या सीटवरचे चाचा म्हणाले, "क्या मॅडम, आधा आज, आधा कल?" सगळी गाडी हसली. महादेवीनं न हसता चाचांच्या हातात तिकीट दिलं आणि म्हणाली, "आपको पूरा उमरगा जाना या आधा?" मी पदरात तोंड घालून हसत होते.

पण प्रयोग फसला. उजवा गाल ठरल्याप्रमाणे निम्म्या वाटेतच गेला. डावा राहिला, पण त्याला पोपडे सुटले. कुठं रंग, कुठं नाही. उमरग्याच्या स्टँडवर मी तिला म्हटलं, "बघ, सांगितलं होतं ना?" माझ्या आवाजात थोडा आनंदही होता, लपवत नाही.

तिनं चहाच्या टपरीवरच्या आरशात गाल नीट पाहिला. मग म्हणाली, "पण ऱ्हायलंय तर खरं. वाहून न्हाई गेलं. तुमी घाई केलाव, अक्का. मी इभूत लावल्यावर चा पिते तोवर ती वाळती. मग क्रीम. तुमी ओल्या तोंडावर पावडर मारलाव आणि लगेच वरून ब्रश घासलाव. खालची पावडर उखडली."

आणि तिथं, उमरग्याच्या स्टँडवर, हातात चहाचा कप धरून, मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई माझ्यापेक्षा चेहरा जास्त बघते. मी चेहरा तासभर बघायची, पार्लरच्या पंख्याखाली, आणि जीपमध्ये बसवून पाठवून द्यायची. पुढं त्याचं काय होतं ते मला फोटोतच दिसायचं. ती मात्र आपला चेहरा दहा दहा तास, धुळीत, घामात, दर फेरीला आरशात तपासत होती. मी ज्याला नशीब म्हणत होते त्याचा तिनं अभ्यास केला होता.

पुढचे तीन दिवस मी गिऱ्हाईक घेतलं नाही. स्वतःच्या हातावर, कपाळावर, शेजारणीच्या मुलीच्या गालावर करून बघत राहिले. शेवटी जे जमलं ते असं: चेहऱ्याला हलकं क्रीम लावून ते पूर्ण मुरू द्यायचं. मग अगदी बारीक पावडर, पफनं दाबून दाबून, चोळायची नाही. वरून पाण्याचा बारीक फवारा, आणि आता थांबायचं. महादेवीच्या भाषेत, एक चहा होईपर्यंत. चेहरा कोरडा झाला की लेप, पण ब्रशनं नाही. ओल्या स्पंजनं टिपत, पातळ, थेंब थेंब. घासलं की संपलं. सगळी गंमत त्या थांबण्यात होती. आमच्या धंद्यात थांबायला कुणाला वेळ आहे? बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत असतो.

दुसऱ्यांदा पुन्हा निम्मा चेहरा, पुन्हा एकची गाडी. या वेळी ऊन पहिल्यापेक्षा कडक होतं आणि गाडीत दोन लग्नांचं वऱ्हाड. उमरग्याला उतरलो तेव्हा तिच्या कानामागून घाम गळत होता. उजवा गाल धुतल्यासारखा. डाव्या गालाला मी कोरडा रुमाल दाबला आणि उलटून बघितला. स्वच्छ. मी पुन्हा दाबला. स्वच्छ. मी स्टँडवर सगळ्यांसमोर तिला मिठी मारली. ती म्हणाली, "अक्का, सोडा, ड्युटीवर हाय मी."

लग्नाच्या दिवशी मी तिला जीपमधून पाठवलं नाही. पहाटेच पेटी घेऊन मंठाळला गेले आणि तिच्या घरीच तयार केलं. तिनं आंघोळ करून विभूती लावली, मी तिच्या कडेकडेनं काम केलं. आईनं मध्येच चहा आणला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. तिला वाटलं, चहा गोड झाला. मोरपंखी साडी, कपाळावर तीन पांढऱ्या रेघा, आणि चेहरा इतका शांत की तसा मी आजवर केलेल्या कुठल्याच नवरीचा नव्हता.

साडेबाराला मांडवात पाय ठेवला तेव्हा वरचं कापड तापून त्याचा वास येत होता. मी खांबाशी उभी राहिले. डबी, रुमाल सगळं जवळ होतं, पण ती म्हणाली होती, 'मधी मधी येऊ नका, त्यानंच लोकांना कळतं.' अक्षता पडल्या. मूठ मूठ तांदूळ तिच्या तोंडावर आदळत होते. मी श्वास धरून मोजत होते, आता चिकटतील, आता चिकटतील. सगळे खाली घरंगळले. एक दाणा नाकाशेजारी थांबला. तिनं मान हलवली, तोही पडला.

आणि मग नागम्मा आत्या पुढं झाली. भावकीतल्या बायका तिच्या मागं. तिनं महादेवीची हनुवटी धरली. हातात पदराचं टोक. महादेवी तिच्या डोळ्यांत बघत होती, मान जराही न हलवता. तिची आई माझा दंड घट्ट धरून उभी होती. नखं रुतली माझ्या. आत्यानं उजवा गाल पुसला, साखरपुड्यासारखाच, वरून खाली. पदर बघितला. मग बोटावर पदराची दुसरी बाजू घेऊन पुन्हा पुसला, पुन्हा बघितला.

पदर कोरा होता.

आत्यानं पदर खांद्यावर टाकला आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "पंगत धरा की, उभं काय ऱ्हायलाव?" महादेवीच्या आईनं माझा दंड सोडला. मी मागं जाऊन पाण्याच्या टाकीजवळ बसले.

यानंतर दोन-तीन वर्षांत माझं नाव उदगीर, भालकीपर्यंत गेलं. 'शोभा मॅडमचा मेकअप पंगतीनंतरही तसाच असतो' असं लोक म्हणायचे आणि मी ऐकून घ्यायची. कुणी विचारलं तर 'अनुभव' म्हणायची. महादेवीचं नाव एकदाही घेतलं नाही. तिला माझ्या कौतुकातला वाटा नको होता हे मला माहीत होतं, पण तिला नको म्हणून मी द्यायचा नाही, हे बरोबर नव्हतं.

पण तिची खरी थोरवी त्या युक्तीत नव्हती. ती मला लग्नाच्याच दिवशी चार वाजता दिसली.

पंगती उठल्या, वऱ्हाडाची गाडी देवळासमोर येऊन लागली. मी पेटी आवरत होते तेवढ्यात महादेवीनं मला आतल्या खोलीत बोलावलं. खाली पाटावर बसली आणि म्हणाली, "आता काढा, अक्का."

"काय काढू?"

"हे. तोंडावरचं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. वीस-बावीस वर्षांत माझ्या हातून असं काम झालं नव्हतं, आणि होणारही नव्हतं. चार तासांत एक रेघ हलली नव्हती. मी म्हटलं, "अगं, सासरी प्रवेश आहे. दारात शंभर माणसं उभी असतील. तिथंच तर दिसायला पाहिजे!"

"लग्नात नटायचं होतं, नटले. लई बरं वाटलं. खरंच." ती हसली. "पण त्या घरात रोज ऱ्हायचंय मला. उंबरा माझ्या तोंडानंच वलांडते. आठ दिवसांनी ड्युटीवर गेले की सगळ्यांना दिसणारच हाय."

मी कापूस घेतला. आणि गंमत बघा, ते निघेना! इतकं पक्कं बसलेलं. टोनरनं नाही, साबणानं नाही. शेवटी आचाऱ्याकडून वाटीभर खोबरेल मागवलं आणि चोळायला बसले. बाहेर गाडीचा हॉर्न. तेवढ्यात "किती वेळ गं?" म्हणत नागम्मा आत्या आत आली आणि दारातच थांबली.

"कामून पुसायलाव? चांगलं दिसायलं होतं की."

महादेवी म्हणाली, "घरी जायचंय न्हवं, आत्या. म्हणून."

आत्या गुडघ्यावर हात देत माझ्या शेजारी खाली बसली. "आणा इकडं. तुमचा हात लई हलका पडायलाय." तिनं माझ्या हातातला कापूस काढून घेतला, तेलात बुडवला आणि त्याच उजव्या गालावरून फिरवू लागली, हळूहळू, लहान मुलाचं डोकं पुसावं तशी. लेप सुटला, खालचा काळा डाग दिसायला लागला. ती तिथं थांबली. डागावर बोट ठेवलं.

"उन्हाचं हाय व्हय हे?"

"व्हय. गाडीचं."

आत्यानं आपल्या हातातला बांगड्यांचा चुडा कोपराकडे सरकवला. बांगड्यांखालची कातडी उजळ, पोरीसारखी. आणि तिच्या खालीवर सगळा हात करपलेला, काळा. "तुरी काढून काढून. चाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "मला कुणी पुसून बघितलं न्हाई म्हणून चाललं." आणि ती दुसऱ्या गालाकडे वळली.

तोंड पुसून झालं. महादेवीनं चेहरा धुतला. आत्यानंच विभूतीची डबी पुढं केली. तीन बोटं कपाळावर ओढून, वाळायची वाट न बघता, महादेवी उठली आणि आत्याच्या मागोमाग बाहेर गेली. शिवानंद गाडीच्या दाराशी उभा होता. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि गुरुवारच्या गाडीत बघितलेलं माणूस परत भेटल्यासारखा हसला.

दारात तिची आई रडत होती, बहिणी रडत होत्या, गल्लीतल्या बायका रडत होत्या. त्यांत माझंही रडणं खपून गेलं. मेकअपवाली कामून रडायलीय, असं कुणी विचारलं नाही.